कहासुना माफ



गेल्या डिसेंबरात धाकट्या बहिणीच्या बाळाच्या अकीक्यासाठी पुण्याला गेले होते. परतताना संध्याकाळची ‘हुतात्मा’ पकडली. रात्री दहाच्या सुमारास सोलापूर स्टेशनवर उतरले. थंडी होती, हातात दोन पिशव्या होत्या आणि विजापूर वेशीपर्यंत जायचं होतं. रिक्षा ठरवत होते तेवढ्यात बाजूनं आवाज आला, “टीचर, इधर आओ. म... मैं छोडता तुमना.”

वळून पाहिलं. तिशीतला तरुण, खाकी शर्ट, कानाला मफलर. मी ओळखलं नाही. बावीस वर्षं शिकवते आहे, आणि मुलांचे चेहरे दाढी आल्यावर बदलतात. त्यानं माझ्या पिशव्या आत ठेवल्या आणि म्हणाला, “आठवी ब. दो हजार आठ.” मी म्हटलं, “हां हां, कसा आहेस बेटा?” आम्ही शिक्षक असं नेहमी म्हणतो. आठवलेलं काहीच नसतं.

रिक्षा चार पुतळ्यांपाशी आली तेव्हा त्यानं वेग कमी केला. रस्ता रिकामा होता. “टीचर, वो भाषण अब्बी बी पाठ है,” तो म्हणाला.

“कुठलं भाषण?”

“तुमीच लिखके दिया था ना. बारा जनवरी का.” आणि हँडलवर हात ठेवून, समोर बघत त्यानं सुरुवात केली. “अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो...” शुद्ध मराठीत, मी तेव्हा लिहून दिलेलं वाक्य न् वाक्य. चार हुतात्म्यांपैकी तीन नावं नीट झाली. चौथ्या नावापाशी तो अडकला. “क... क... क...” आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “कुर्बान हुसेन.”

तो थांबला. हसला. “तब बी ऐसाच हुआ था टीचर.”

मी विचारलं, तेव्हा काय झालं होतं? घरापाशी रिक्षा उभी करून, इंजिन चालू ठेवूनच त्यानं सांगितलं. दोन मिनिटांत सांगून झालं. पैसे घेतले नाहीत. मी जिना चढून वर आले आणि त्या रात्री झोपले नाही.

ही हकीकत या सदरात लिहावी की नाही, याचा मी महिनाभर विचार केला. त्याची परवानगी घेतली. “लिखो टीचर, नाम नको,” एवढंच तो म्हणाला. म्हणून नाव देत नाही.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी १२ जानेवारीबद्दल थोडं सांगते. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि आमचं हे गिरणगाव रस्त्यावर उतरलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, पोलीस चौकी जळाली, पोलीसही मारले गेले. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता उरलीच नव्हती, असं जुने लोक अभिमानानं सांगायचे. १२ मे रोजी मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लागू झाला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. पोलिसांच्या खुनाचा ठपका चौघांवर ठेवला गेला: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चौघे चार वेगवेगळ्या समाजांतले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना एकाच दिवशी फाशी झाली. कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले होते. गिरणी कामगारांत काम करायचे आणि ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे.

चौघांचे पुतळे चौकात आहेत. त्यांच्या नावानं नाट्यगृह आहे. पुण्याला जाणारी गाडीही त्यांच्याच नावाची आहे. रोज शेकडो लोक म्हणतात, हुतात्मा लेट आहे, हुतात्माला गर्दी आहे. म्हणताना त्या चौघांची आठवण किती जणांना येते, ते सांगता येत नाही. मलाही त्या रात्री गाडीतून उतरताना आली नव्हती.

शाळाशाळांतून १२ जानेवारीला भाषणं होतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांची घरची बोली दखनी, शाळेची भाषा उर्दू, आणि मराठी तिसरी. म्हणून मराठीतलं भाषण ही आमच्याकडे मोठी गोष्ट असते. मी लिहून देते आणि मुलं पाठ करतात. २००८ मध्ये मी अठ्ठावीस वर्षांची होते, नोकरीत नवीन होते आणि सगळ्यांनी मला चांगलं म्हणावं अशी फार हौस होती. त्या वर्षी बाहेरचे पाहुणे येणार होते.

आठवी ब मधल्या या मुलानं स्वतःहून भाषण मागितलं होतं. अक्षर सुंदर, वही नीटनेटकी. घरी आई विड्या वळायची. वडील आजारी असायचे. तो बोलताना अडकतो हे मला ठाऊक होतं, पण मागतोय तर देऊ, होईल तयारी, म्हणून दिलं. ११ जानेवारीला हॉलमध्ये सगळ्या वर्गांसमोर सराव घेतला. तीन नावं झाली. चौथ्याला तो अडकला. मुलं खुसखुसली. मी “कुर्बान हुसेन” म्हणून पुढं ढकललं. तो पुन्हा त्याच जागी अडकला. हॉलमध्ये हसू पिकलं. आणि मी म्हणाले:

“बस कर. तुझं भाषण संपेपर्यंत कुर्बान हुसेन दुसऱ्यांदा फाशी जातील.”

सगळा हॉल हसला. शेजारी उभे असलेले दोन शिक्षक हसले. बहुधा मीही हसले असेन. भाषण दुसऱ्या मुलाला दिलं. त्यानं ते खणखणीत केलं, पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली आणि मला म्हणाले, मॅडम, तयारी छान करून घेतली तुम्ही.

यातलं पाहुण्यांचं वाक्य मला आठवत होतं. आधीचं माझं वाक्य अजिबात आठवत नव्हतं. ते त्यानं मला रिक्षात सांगितलं. आणि त्यापुढचंही सांगितलं. त्या दिवसापासून वर्गातली मुलं त्याला ‘फाशी’ म्हणू लागली. फाशी, इकडे ये. फाशी, वही दे. दोन वर्षं, दहावी होईपर्यंत. मी त्याच वर्गाला शिकवत होते आणि मला ते कधी ऐकूच आलं नाही.

“गुस्सा नई था टीचर,” तो म्हणाला. “मजाक की बात थी. सब हंसे. बस, बाद में हात उपर नई किया कबी.”

रात्री मी कपाट उघडलं. मी वस्तू टाकत नाही. जुन्या डायऱ्या, कार्यक्रमपत्रिका, फोटो, सगळं एका पत्र्याच्या पेटीत आहे. २००८ सालचा फोटो मिळाला. पाहुणे मध्ये बसलेत, बाजूला मी निळ्या दुपट्ट्यात, आणि ज्यानं भाषण केलं तो मुलगा हातात प्रमाणपत्र घेऊन उभा आहे. डायरीत त्या तारखेखाली लिहिलं होतं: कार्यक्रम उत्तम झाला, अल्हम्दुलिल्लाह. ११ जानेवारीचं पान कोरं होतं.

ते कोरं पान बघत मी बराच वेळ बसले. माणसाची आठवण म्हणजे आपणच आपल्यासाठी लिहिलेली डायरी. त्यात शाबासकी लिहून ठेवतो, अपमान दुसऱ्यांनी केलेले लिहून ठेवतो, आपण केलेले मात्र लिहीत नाही. मी मुलांना कित्येकदा शिकवलं आहे की आपल्या दोन्ही खांद्यांवर किरामन कातिबीन आहेत, ते प्रत्येक गोष्ट लिहितात, आणि कयामतच्या दिवशी माणूस स्वतःचा नामा-ए-आमाल पाहून थक्क होईल, की हे कसलं पुस्तक, यानं लहान सोडलं नाही की मोठं सोडलं नाही. सूरह कहफमधला हा आशय मी दर शुक्रवारी वाचते. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी चोऱ्या, खोटेपणा, मोठमोठी पापं यायची. ११ जानेवारीचं कोरं पान कधी आलं नव्हतं. माझ्या डायरीत ते कोरं होतं. तिकडे कोरं नव्हतं. आणि इकडे एका मुलाच्या मनातही सतरा वर्षं ते लिहिलेलंच होतं.

शिक्षकांनी सूरह अबस वरचेवर वाचावी, असं मला आता वाटतं. मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. हे लोक सत्याकडे वळतील अशी त्यांना आशा होती. तेवढ्यात हजरत इब्न उम्मे मकतूम (रजि.) आले. ते दृष्टिहीन होते. मला शिकवा, असं ते मध्येच म्हणाले. प्रेषितांना (स.) त्या क्षणी ते रुचलं नाही, कपाळावर आठी पडली आणि मुख दुसरीकडे वळलं. त्यावर अल्लाहतआलानं आयती उतरवल्या आणि शिकायला आलेल्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. पुढे प्रेषित (स.) त्यांचा फार सन्मान करत. मदीनेत त्यांनी अजान दिली, आणि प्रेषित (स.) शहराबाहेर असताना मदीनेची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली गेली.

मी वर्गात हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. पण त्यातली एक गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा कळली. इब्न उम्मे मकतूम (रजि.) यांना दिसत नव्हतं. कपाळावरची ती आठी त्यांनी पाहिलीच नसेल. ज्याला ती दिसली नाही, त्याच्यासाठीसुद्धा अल्लाहनं तिची दखल घेतली. माझ्या विद्यार्थ्यानं तर माझा शब्द कानांनी ऐकला होता, आणि तोही दोनशे मुलांसमोर. माझ्याही वेळी समोर कुणी मोठे पाहुणे यायचे होते, आणि शिकायला आलेला एक मुलगा मध्ये अडथळा वाटला होता.

आणि हजरत मूसा (अलै.)? फिरऔनकडे जायचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी अल्लाहकडे काय मागितलं, हे आपल्या घरात लहान मुलांनाही पाठ असतं. परीक्षेला जाताना आपण तीच दुआ पढायला सांगतो, छाती मोकळी कर आणि जिभेची गाठ सोड. ज्यांच्याशी अल्लाहनं स्वतः संवाद केला, त्या पैगंबरांना आपल्या जिभेच्या गाठीची काळजी होती. अल्लाहनं त्यांना बाजूला केलं नाही, दुसऱ्याला पाठवलं नाही. त्यांनाच पाठवलं आणि सोबतीला भाऊ हारून (अलै.) दिले. मी ती दुआ फळ्यावर लिहून घेत होते आणि ज्याच्या जिभेला खरोखर गाठ होती, त्याला हॉलमधून खाली उतरवत होते.

चार वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. ते गिरणीत माग चालवायचे. गिरणी बंद पडल्यावर चादरीच्या कारखान्यात लागले. जनाजाच्या नमाजपूर्वी मोठ्या भावानं नेहमीप्रमाणे सांगितलं, मरहूमकडे कुणाचं काही देणं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही फेडू. प्रेषित (स.) स्वतः जनाजाच्या वेळी मय्यतीच्या कर्जाची चौकशी करत, त्यावरून आपल्याकडे ही रीत आली आहे. कोपऱ्यावरचा किराणावाला दुसऱ्या दिवशी संकोचत आला. २४० रुपये होते. भावानं लगेच दिले. आम्हाला बरं वाटलं, अब्बा मोकळे झाले.

आता विचार येतो, माझ्या जनाजाच्या वेळी माझा मुलगाही तेच विचारेल. किराणावाला येईल, दूधवाला येईल. पण ज्याला मी दोनशे मुलांसमोर ‘बस कर’ म्हणाले तो मागच्या ओळीत उभा असेल तर काय सांगेल? आणि त्यानं सांगितलं तरी माझा मुलगा ते कशानं फेडेल? पैशाचं कर्ज वारस फेडतात. बोललेल्या शब्दाचं कर्ज ज्याचं त्यालाच फेडावं लागतं, आणि तेही श्वास चालू असेपर्यंत.

प्रेषितांनी (स.) एकदा सोबत्यांना विचारलं होतं की मुफलिस, म्हणजे कफल्लक, कोणाला म्हणायचं? सोबत्यांनी सांगितलं, ज्याच्याजवळ पैसा नाही, सामान नाही त्याला. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावलं की माझ्या उम्मतमधला खरा मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण त्यानं कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याच्या नेक्या या सगळ्यांना वाटल्या जातील, आणि नेक्या संपल्या की त्यांचे गुन्हे त्याच्यावर टाकले जातील. अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करेल, तो गफूर व रहीम आहे. पण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, ज्याचे त्यानंच माफ करायचे असतात.

चार दिवसांनी, रविवारी, मी त्याच्या घरी गेले. पत्ता रिक्षा स्टँडवर विचारला. मनात आलं होतं की स्टँडवरच त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलावेत आणि यावं. पण अपमान चारचौघांत केला होता, मग माफी कोपऱ्यात कशी मागायची? त्याच्या घरात त्याची अम्मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती, बायको होती, सात वर्षांची मुलगी होती, शेजारची एक बाई पाण्याला आली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मी याला असं असं बोलले होते, चूक माझी होती, मला माफ कर.

घर गप्प झालं. त्याच्या अम्मीचे हात थांबले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं घरी कधी सांगितलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “इसलिए स्कूल जाने को पेट दुखता बोलता था क्या रे?” ते ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. माफी मागायला गेले आणि एका आईला सतरा वर्षांपूर्वीचं दुःख नव्यानं देऊन आले. माफी मागणं म्हणजे ओझं उतरवणं, असं आपण समजतो. कधी कधी ते ओझं समोरच्याच्या ओट्यावर जाऊन पडतं. तरी मागावीच लागते.

तो म्हणाला, “माफ किया टीचर. कबका माफ किया.” चहा झाला. मी विचारलं, “एक सांग, इतक्या भाषणांतून तू तेच का मागितलं होतंस?” तो थोडा लाजला. “वो पेपर निकालता था ना टीचर. ल... लिखनेवाले का अटकता नई.”

वीस-बावीस वर्षांचा एक तरुण फासावर गेला. त्याचा पुतळा आहे, गाडी आहे, दरवर्षी हार आहेत. पण माझ्या मते त्याची एक मोठी आठवण या मुलानं जपली, आणि ती मी शिकवलेली नव्हती. मी शिकवली होती ती तारीख. त्यानं त्यात स्वतःसाठी वाट पाहिली होती की जीभ अडली तरी कलम चालतं. आणि ती वाट मीच एका विनोदानं बंद केली.

त्याची मुलगीही बोलताना अडकते. ती आमच्याच शाळेच्या प्राथमिक विभागात दुसरीत आहे. हे कळलं आणि माझ्या मनात लगेच आलं, यंदाचं १२ जानेवारीचं भाषण हिलाच द्यायचं. काय सुंदर शेवट होईल! मी तिला जवळ घेऊन विचारलंसुद्धा. तिनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “भाषण नको. मेरेकू तराना बोलनेका.”

मी हसले, आणि मग मला माझंच हसू आलं. पुन्हा तेच. तेव्हा माझ्या शाबासकीसाठी बापाला खाली बसवलं होतं, आता माझ्या समाधानासाठी लेकीला उभं करायला निघाले होते. तिला काय हवं ते मी विचारत नव्हते, माझा हिशेब मिटवायला बघत होते. यंदा १२ जानेवारीला ती बाकीच्या मुलींबरोबर तराना म्हणाली. गाताना ती कुठंच अडकली नाही. बोलताना अडकणारी पुष्कळ मुलं गाताना अडकत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. बाप आला नव्हता. सकाळची वेळ, रिक्षाला गिऱ्हाईक असतं.

भाषण नववीतल्या एका मुलीनं केलं. त्याआधी सरावाच्या दिवशी मी त्याच हॉलमध्ये उभी राहून मुलांना आणि सहकाऱ्यांना माझी २००८ ची गोष्ट सांगितली. ‘फाशी’ हे नावही सांगितलं, त्या मुलाचं खरं नाव न घेता. एक सहकारी नंतर म्हणाले, मॅडम, मुलांसमोर हे बोलायची गरज होती का? शिक्षकाचा मान राहत नाही. मी म्हटलं, सर, मान इथं नाही राहिला तर चालेल, तिथं राहिला म्हणजे झालं.

माझ्या वर्गात आता एक नियम आहे. कुणी बोलताना अडकलं तर त्याचा शब्द कुणी पूर्ण करायचा नाही. मीसुद्धा नाही. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असलं काहीही म्हणायचं नाही. त्याच्या तोंडाकडे नेहमीसारखं बघायचं आणि थांबायचं. त्याला शब्द येत असतो, यायला वेळ लागतो एवढंच. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकले. सतरा वर्षांची सवय आहे. आता थोडं जमतं. तो वेळ बाहेरून फार लांब वाटतो. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, आठ सेकंद होते. फक्त आठ सेकंद मला २००८ मध्ये थांबता आलं नव्हतं.

वय वाढतं तशी माणसाची वाढ होते, असं मी समजत होते. पंचेचाळीस वर्षांची झाले, पदव्या झाल्या, मुलं मोठी झाली. पण ज्या दिवशी आपण आपल्या कोऱ्या पानावर काय लिहिलं होतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो आणि ‘नाही, मी असं म्हणाले नसेन’ असं न म्हणता ऐकून घेतो, त्या दिवशी थोडीशी वाढ होते, असं आता वाटतं. त्या रात्री रिक्षात माझ्या जिभेवर तेच आलं होतं, मी असं म्हणाले नसेन. अल्लाहनं ते तोंडातून निघू दिलं नाही.

आपल्याकडे एक चांगली रीत आहे. घरातलं कुणी हजला निघालं की गल्लीभर फिरून म्हणतं, कहासुना माफ करना. आपणही म्हणतो, माफ है, माफ है, दुआ में याद रखना. चांगलंच आहे. पण सगळ्यांना मिळून एकदा मागितलेली माफी ज्याला खरोखर लागलं आहे त्याच्यापर्यंत पोचतेच असं नाही. त्याचं दार वेगळं ठोठवावं लागतं. काय केलं ते नावानिशी सांगावं लागतं.

आता शाबान आला. शब-ए-बरातच्या निमित्तानं आपण कब्रस्तानात जाऊ, आपल्या मरहूमांसाठी दुआ करू. मग रमजान येईल. त्याआधी माझ्या बहिणींना आणि भावांना एक गृहपाठ देते, शिक्षिका आहे म्हणून चालवून घ्या. एक कागद घ्या. ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांची यादी आपल्याला पाठ असते, ती लिहू नका. आपण ज्यांना दुखावलं त्यांची नावं लिहा. सून असेल, भावजय असेल, दुकानात कामाला असलेला पोरगा असेल, धाकटा भाऊ असेल, आपलीच मुलगी असेल. पहिल्या दिवशी दोनसुद्धा सापडणार नाहीत. मलाही सापडली नव्हती. मग घरातल्या लहानांना विचारा. त्यांना पाठ असतं.

माझ्या कागदावर आतापर्यंत सात नावं झाली आहेत. दोन जणांना भेटले. एकीचा फोन लागत नाही. एक जण या जगात नाही, त्याच्यासाठी रोज दुआ करते आणि जिथं त्याची निंदा केली होती तिथं आता त्याचं चांगलं सांगते. त्याहून जास्त माझ्या हातात नाही. उरलेल्या तिघांकडे जायला अजून पाय उचलत नाहीत.

अल्लाहतआला आपल्या सगळ्यांच्या जिभेची गाठ सोडो, जिथं माफी मागायची असते नेमकी तिथंच ती बसते. आपल्या मरहूमांची मगफिरत करो. आणि ज्यांचे हक्क आपल्याकडे बाकी आहेत, त्यांच्या दारापर्यंत आपल्याला पोचव, आपला श्वास संपायच्या आत. आमीन.